बंदुकीचं तोंड मी बंद केलं

माझ्या मुलाला मारायचा माझा अजिबात विचार नव्हता.

हे आधीच सांगून टाकते, कारण सुनेच्या हॉस्पिटलात ही गोष्ट ज्या रीतीनं पसरली आहे, त्यात मी जवळजवळ गुन्हेगार ठरले आहे.

दोन हजार वीसच्या फेब्रुवारीत मी आयर्लंडला महेशकडे आले, ॲथलोनजवळ. आले होते तीन महिन्यांसाठी, पण विमानं बंद पडली आणि मी तिथंच अडकले. महेश एका कारखान्यात इंजिनियर, सून वृषाली नर्स. घर गावाबाहेर. शेजारी एकच, मायकल नावाचा सत्तरीचा शेतकरी. त्याला सगळंच ग्रँड वाटतं. पाऊस आला, ग्रँड. पाऊस गेला, ग्रँड. गाय आजारी पडली तेव्हाही तो आधी ग्रँड म्हणाला आणि मग डॉक्टरला फोन केला.

त्या लॉकडाऊनमध्ये लोक घरी पाव भाजायला शिकले. माझा मुलगा बंदूक चालवायला शिकला!

मायकलच्या पिकावर कावळे आणि पारवे उतरायचे. त्यानं महेशला नाद लावला. मग अर्ज झाला, दोन ओळखीच्या माणसांची नावं दिली, मायकलनं आपल्या शेतात नेम धरायची परवानगी लिहून दिली. गार्ड (इथं पोलिसाला गार्ड म्हणतात) घरी येऊन बंदुकीचं लोखंडी कपाट भिंतीला पक्कं ठोकलंय का ते हलवून बघून गेला. मला वाटलं होतं, तो नाही म्हणेल. मी त्याला खिडकीतून खुणेनं नाही म्हणून सांगितलंसुद्धा. त्यानं हसून मला हात केला.

आणि बंदूक आली. सेमी ऑटोमॅटिक शॉटगन. महेशनं मला समजावून सांगितलं, "साध्या बंदुकीत प्रत्येक बाराला हातानं काहीतरी करावं लागतं. हिच्यात चाप दाबला की बार, रिकामं काडतूस आपोआप बाहेर, दुसरं आपोआप आत. परत दाबलं की परत बार. तीनपर्यंत."

त्यातलं मी फक्त 'आपोआप' ऐकलं. जी वस्तू आपोआप काही करते ती मी घरात एकटी सोडत नाही, मग तो दुधाचा कुकर असो. आणि ही कपाटात एकटी बसायची, न्हाणीघराच्या वाटेवर! मी त्या कपाटासमोरून आडवी होऊन, पोट आत घेऊन जायची. दिवसातून सहा वेळा. या वयात सहा वेळा जावं लागतं.

मग तिचे लाड सुरू झाले. रोज एक खोकं दारात. खांद्याला अडकवायचा चामड्याचा पट्टा. धक्का लागू नये म्हणून दस्त्याला रबराची गादी. नेम धरायला टोकावर लाल मणी. पुसायचे ब्रश, तेल, आत अस्तर लावलेली पिशवी. लग्नात वृषालीला आम्ही इतकं घातलं नव्हतं, आणि ते तिनं मला ऐकवलंही. शेवटी आल्या तोट्या. शॉटगनमधून एक गोळी सुटत नाही, मूठभर छर्रे सुटतात. नळीच्या तोंडात ही तोटी पिळून बसवायची. अरुंद तोटी लावली की छर्रे एकत्र जातात, रुंद लावली की पसरतात. किती पसरतात ते बघायला चादरीएवढा कागद लावायचा, पस्तीस-चाळीस पावलांवरून त्यावर बार काढायचा आणि भोकं मोजायची. प्रत्येक तोटीची अशी परीक्षा. कागदाला भोकं पाडून मोजत बसायला माझ्या मुलानं इंजिनियरिंग केलं!

परीक्षा ठरली नेमकी दसऱ्याला. पाच किलोमीटरबाहेर जायची बंदी होती, त्यामुळे नेमबाजीचा क्लब बंद आणि मायकलचं शेत उघडं.

आता दसऱ्याला घरात शस्त्र असताना मी काय सुऱ्या आणि स्क्रू ड्रायव्हर पुजत बसू? आमच्या घरात दरवर्षी कोयता, विळी, पाना असं पुजतात. खरं सांगायचं तर माझ्या मनात भक्ती कमी आणि भीती जास्त होती. पूजा केली तर ती निदान आपल्या माणसांना ओळखेल, असं वाटलं. मी महेशला म्हटलं, तिला पाटावर ठेव. आधी नाही म्हणाला, मग सणाच्या दिवशी वाद नको म्हणून ठेवली. रिकामी आहे हे मला उघडून दाखवलं. आत काळोख दिसला. मी म्हटलं बरं.

मी हळद लावली, कुंकू लावलं, अक्षता वाहिल्या. तेवढ्यात त्याला कारखान्यातून फोन आला, कुठलं तरी यंत्र बंद पडलं होतं. तो दारातच उभा राहून, पाठ करून बोलायला लागला. आणि मी आणि ती, दोघीच.

तिचं तोंड माझ्याकडे होतं. एक काळं गोल तोंड. मी डावीकडे सरकले, तरी ते माझ्याकडेच. ती रिकामी आहे हे मला ठाऊक होतं, पण ते तिला ठाऊक आहे का, हे मला ठाऊक नव्हतं. शेजारी परातीत पुऱ्यांची कणीक भिजवून ठेवली होती, घट्ट. भांड्याचं झाकण आपण कणकेनं लिंपतो, वाफ बाहेर येत नाही. मी लिंबाएवढी कणीक घेतली, तिच्या तोंडात घातली आणि बोटानं जाईल तितकी आत दाबली. वर वृषालीच्या कुंडीतला झेंडू ठेवला. जीव शांत झाला. आता हिच्यातून काही बाहेर येत नाही म्हटलं.

महेश आला, नमस्कार केला, झेंडू उचलून देवाला वाहिला, कुंकू पुसलं (तेल खराब होतं म्हणे), बंदूक पिशवीत घातली आणि गेला. मी अडवलं नाही. मला वाटलं, बार निघाला नाही की येईल परत पुऱ्या खायला.

मी तेल तापत ठेवलं आणि ड्यूटीवर असलेल्या वृषालीला फोन केला. पूजा छान झाली, बंदूक पण पुजली, तोंड मात्र मी कणकेनं बंद केलंय, असं सगळं सांगितलं. जरा कौतुकाच्या आशेनं.

कणीक किती आत गेली, एवढंच तिनं विचारलं.

"आई," ती म्हणाली, "नळी बंद असली की बार पुढे जात नाही. नळी फुटते. त्यांच्या तोंडाशी."

मी म्हटलं, "कणीकच आहे गं. मऊ आहे."

"चिखलानं फुटते, आई. बर्फानं फुटते. थांबा, मी इथल्या दुसऱ्या फोनवरून त्यांना फोन करते."

क्षणात फोन वाजला. आमच्याच जेवायच्या टेबलावर. महेश फोन विसरून गेला होता.

मी वृषालीला सांगितलं तो इथंच वाजतोय, तर ती इतकंच म्हणाली, "आई, पळा."

गॅस बंद केला एवढी अक्कल शिल्लक होती. सुनेचे गमबूट घातले, माझ्या पायाला दोन बोटं मोठे, साडी खोचली आणि निघाले. रस्त्यानं लांब पडतं म्हणून मागच्या कुरणातून घुसले. कुरणात गाई होत्या. इथल्या गाईंना कुणी पळताना दिसलं की त्याही मागून पळतात. पुढे मी, मागे अकरा गाई. (मोजल्या नाहीत, महेशनं नंतर सांगितलं.)

मी "महेश, महेश" ओरडत होते, पण गाईंच्या पायांच्या आवाजात माझं मलाच ऐकू येईना. फाटकापाशी पोहोचले आणि बार झाला.

मी चिखलात बसले. खालीच बसले. त्याचा उजवा हात गेला असेल तर तो जेवणार कसा, हा एकच विचार आला. डोळ्यांचा आलाच नाही. जेवणाचाच. डाव्या हातानं, चमच्यानं जेवायला शिकवावं लागेल, इथपर्यंत मी पोहोचले.

मग दुसरा बार झाला.

शहाण्या बाईला वाटलं असतं, दुसरा बार काढणारा माणूस धडधाकट आहे. मला आठवलं 'आपोआप'. तो खाली पडलाय आणि ती मेली आपली आपण सुटतेय! आता तिसरा राहिला. मी उठले, फाटकावरून कशी गेले देव जाणे, समोर मातीचा उंच बांध होता, त्यावर हातापायांनी चढले आणि वर उभी राहून दोन्ही हात हलवले.

समोर महेश उभा होता. दोन हात, दोन डोळे, सगळं जागेवर. आणि बंदूक माझ्याकडे! कारण मी कागदाच्या मागच्या बांधावर उभी होते. छर्रे अडावेत म्हणून तो बांध घातलेला. इतका वेळ त्या छर्ऱ्यांच्या आणि माझ्यामध्ये तेवढा मातीचा ढीगच होता, आणि आता मी त्याच्या वर होते.

मायकल काहीतरी ओरडला. महेशनं नळी जमिनीकडे केली. काडतूस काढायचं होतं, पण त्यानं माझ्यावरची नजरच काढली नाही. शेवटी मायकलनं बंदूक घेऊन रिकामी केली. महेश गवतावर बसला. मी धावत जाऊन त्याची बोटं मोजली. दहा. परत मोजली.

"तुझ्या कणकेनं मी मेलो नसतो, आई," तो म्हणाला. "आत्ता तू मेली असतीस. माझ्या हातानं."

तोट्यांची परीक्षा होती ना, म्हणून त्यानं पहिल्या बाराआधीच आतली तोटी पिळून काढली होती. सोबत कणकेचा गोळा आला, वर दोन अक्षता. बार काढण्याआधी नळीतून आरपार बघायचंच असतं म्हणे. दोघांनी बराच वेळ त्या गोळ्याकडे बघितलं, मग मायकलच्या कुत्र्यानं तो खाल्ला आणि आणखी मिळेल म्हणून नळीकडे बघत बसला. सगळा निकाल मी घरातून निघण्याआधीच लागला होता. तिथं धोका असा फक्त माझ्या येण्यानं झाला.

मायकलनं मला आपल्या थर्मासमधला चहा दिला. दोन मीटर लांब ठेवून, मग मागे सरकून. तो म्हणाला, मिसेस, ऑल ग्रँड. पण स्वतः खाली बसून राहिला.

घरी गेल्यावर आम्ही दोघं पुऱ्या जेवलो. उरलेल्या कणकेच्या.

पुढल्या वर्षी विमानं सुरू झाली तरी महेशनं मला आणखी ठेवून घेतलं आणि शेतात जाणंही सोडलं नाही. आता बंदूक भरायच्या आधी तो दोन गोष्टी तपासतो. एक, नळी मोकळी आहे ना. दोन, आई घरात आहे ना. पहिलीला नुसतं डोकावून बघतो. दुसरीसाठी घरच्या फोनवर फोन करतो, आणि मी उचलून 'घरात आहे' म्हणेपर्यंत काडतुसाला हात लावत नाही.

मी फोनच्या शेजारीच बसलेली असते. तरी उचलायला मुद्दाम उशीर करते.