चिनी पुड्यांसाठी लोणावळ्याला

ता. १० डिसेंबर १९३९, रविवार. सकाळच्या गाडीने पुण्याहून निघालो. लोणावळ्याच्या बाजारात तांदूळ मिळाला नाही. दुपारी कुरवंड्याला चालत गेलो, तिथे मिळाला. मुक्काम स्टेशनजवळच्या धर्मशाळेत.

डायरीत एवढेच आहे. बाकीचे आता लिहितो, कारण थंडीत लोणावळ्याला जावे असे पुष्कळांच्या मनात असते आणि त्यांनी माझ्यासारखे चुकीच्या दुकानात जाऊन उभे राहू नये.

आम्ही नऊ वर्षे रंगूनला होतो. मी लाकडाच्या वखारीत कारकून होतो. समोर एक चिनी सुतार राहायचा. त्याच्या बायकोने माझ्या पत्नीला, लक्ष्मीला, भाताच्या पुड्या शिकवल्या. भिजवलेला चिकट तांदूळ पानाच्या द्रोणात भरायचा, मध्ये सारण घालायचे, पान तिकोनी दुमडून दोऱ्याने बांधायचे आणि दोन-तीन तास उकडायचे. त्या बाई डुकराचे मांस घालत. लक्ष्मीने त्याजागी मुगाची डाळ आणि शेंगदाणे घातले. ती दुमडायची, मी बांधायचो. पुण्याला परतल्यावरही आमचे हे चालू होते. गेल्या आषाढात ती वारली. मग लक्षात आले की मला फक्त गाठ मारता येते.

हे काम येणारे माझ्या ओळखीत एकच माणूस उरले होते. अमिनामावशी रंगूनला आमच्या शेजारी होत्या, लक्ष्मीबरोबरच त्या चिनी बाईंकडे शिकलेल्या, आणि यजमान गेल्यापासून लोणावळ्याला असतात. त्यांना पत्र टाकले. उत्तर आले, "तांदूळ घेऊन या. पानं माझ्याकडं आहेत."

पुण्याहून सकाळची गाडी धरावी. तळेगावपर्यंत शाल लागते. वडगावपासून कापून झालेली भातखाचरे दिसू लागतात, ती उजव्या हाताच्या खिडकीतून पाहावी. गाडीत चहा घेऊ नये, लोणावळ्याला स्टेशनाबाहेर चांगला मिळतो.

चहा घेऊन बाजारात गेलो आणि एका वाण्याला चिकट तांदूळ मागितला. तो दुखावला.

"चिकट? अहो, माझ्याकडचा तांदूळ शिजला की शितं मोजून घ्या."

"मला ती एकमेकांना चिकटायला हवी आहेत."

"मग खळ करायची म्हणा की! कणी देतो."

पुढच्या दोन्ही दुकानांत हेच झाले. मावळात तांदळाची किंमत तो किती जुना आणि किती मोकळा यावर ठरते, हे मला ठाऊक असायला हवे होते. रिकाम्या हाताने मावशींकडे गेलो. त्या पदर तोंडाला लावून हसल्या.

"भाऊ, वाण्याला चिकट मागितला? बरं झालं, काठी नाही उगारली त्यानं. नवा आंबेमोहर पायजे. कुरवंड्याला धोंडिबाआबांकडं जा, माझं नाव सांगा."

कुरवंडे तीन-चार मैल आहे. मी चालतच गेलो. टांगा केलाच तर तो गावाबाहेरपर्यंतच जातो. टांगेवाला बारा आणे सांगेल, आठ आण्यांत येतो. पुढे पायवाट. पाणी बरोबर असावे. नागफणीचा सुळका सारखा समोर असतो, आणि खाली कोकणाकडे पाहिले की माणूस दोन पावले मागे सरतो. मी बराच वेळ पाहिले. वारा छान होता.

धोंडिबाआबा अंगणात कणगी लिंपत होते. मी काय हवे ते सांगितले.

"नवा तांदूळ? त्येचा भात गिचका हुतो. आमी सुदिक वरीसभर ठिवतो."

"मला गिचकाच हवा, आबा."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिले. "घरात कुनी आजारी हाय का?"

"नाही. आता कोणी नाही."

त्यांनी हात धुतले, आत गेले आणि चार शेर तांदूळ मापून आणले. वर दोन मुठी घातल्या. "मऊ खावंसं वाटतं कंदी कंदी," एवढेच म्हणाले. घोटभर ताक पाजल्याशिवाय सोडले नाही.

संध्याकाळी तांदूळ मावशींकडे भिजत घातला. दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो तेव्हा मोरीकडच्या कर्दळीची पाने त्यांनी गरम पाण्यातून काढून ठेवली होती. चुलीजवळ माझ्यासाठी वेगळे कोरे मडके होते, त्यांच्या घरच्या भांड्यांत माझे शिजू नये म्हणून. रंगूनला आपण असे काही पाळत नव्हतो, मी म्हणालो.

"तिथं सगळेच परके होतो, भाऊ. इथं शेजारी बघतात."

सारणात त्या खिमा घालतात. माझ्यासाठी डाळ-दाणे घेतले होते. "चिनी बाई लक्ष्मीच्या नि माझ्या पुड्या बघून काय म्हणायची आठवतं? म्हणायची, ही कुठली नवी जात!"

त्या दुमडत गेल्या, मी बांधत गेलो. दहा-बारा झाल्या. काम इतके सरळ चालले होते की मी कशासाठी आलो ते विसरलो. मावशी थांबल्या.

"असं किती बांधणार? मी काय पुण्याला येऊ?"

त्यांनी दोऱ्याचे एक टोक खिडकीच्या गजाला बांधले. "आता दुमडायचं तुम्हीच. पुडी दोन्ही हातांत धरायची. दोरा गज धरील. तुम्ही पुडी नुसती फिरवायची."

पहिल्या पुडीतून तांदूळ मांडीवर सांडला. दुसरी टोकाला फाटली. तिसरीला मावशी म्हणाल्या, "उंदीर मेल्यासारखी दिसते." चौथीचा दोरा गाठ बसण्याआधीच सुटला. मावशींनी उठून चुलीत लाकूड सारले. पाचवी उभी राहिली.

"लक्ष्मीची अशी व्हायची का?" मी विचारले.

"नाही. तिचं टोक तीरासारखं. ही तुमची आहे. पाण्यात टाका, मग कळेल."

तीन तास आम्ही रंगूनच्या गप्पा मारल्या. झाकण काढले तेव्हा पाचवी मडक्यात अखंड होती. मावशींनी ती उचलून माझ्या हातावर ठेवली. चटका बसला तरी मी सोडली नाही.

या सहलीत लोणावळ्याचे तलाव, तुंगार्लीचे बंगले, काहीच पाहिले नाही. तुम्ही पाहा. मी मात्र पावशेर चिक्कीही न आणता परतलो, तांदूळ आणि पाने तेवढी होती.

मागच्या रविवारी पुण्यात एकट्याने सहा पुड्या केल्या. एक पाण्यात उलगडली. पाच शेजाऱ्यांना दिल्या. त्यांनी शितं मोकळी नाहीत म्हणून नावे ठेवली आणि सगळ्या संपवल्या. उलगडलेली मी ताटात घेतली. मीठ कमी होते. उठलो, डब्यातून चिमूटभर मीठ घेतले, आणि बसून उरलेली खाल्ली.