आमच्या ह्यांची फुल टाकी

आमचे हे खोटं बोलायचे. डिझेलबद्दल.

आज त्यांना जाऊन वर्ष झालं. म्हणून काय मी त्यांना लगेच देवमाणूस करणार नाही. होते तसेच सांगते.

गाडी ठेवणाऱ्या प्रत्येकाची डिझेल भरायची एक खोड असते.
भाव वाढणार असं कानावर आलं की कुणी आदल्या संध्याकाळीच पंपावर लाईन लावतं. कुणी काटा लाल झाल्याशिवाय पंपाकडं बघतच नाही.

आमचे हे दुसऱ्यातले. पण ती कंजुषी नव्हती हो. त्यात डोकं होतं!

आमच्या वाडीवर तेव्हा पिकअप एकच, आमची. पेरू-डाळिंब मार्केटला न्यायला घेतलेली. आणि मागणारी अख्खी भावकी. कुणाला जागरण-गोंधळाची भांडी आणायचीत, कुणाला पाहुणे भिगवण स्टेशनला सोडायचेत, कुणाला नुसतं तिकडं मासे खायला जायचंय.

भावकीला तोंडावर नाही म्हणता येत नाही. म्हणून ह्यांनी टाकी कायम रिझर्व्हवर ठेवली.

कुणी अंगणात आलं रे आलं की सुरू.
"ये, बस, च्या घे. गाडीसाठी आला न्हाईस नव्हं? काटा बघ की, पार लाल. डिझेलच न्हाय बघ."

माणूस चहा पिऊन परत. पदरचं डिझेल टाकून कोण नेतंय?

मी म्हणायचे, "अहो, किती थापा माराल?"
"थाप कुठं? काटा बघ की तू बी!"
मलाही हसू यायचं, खरं सांगते.

एका दुपारी बापू पळत आला. बापू म्हणजे ह्यांचा चुलतभाऊ, शेजारचंच घर. दोघं एका ताटात जेवून मोठे झालेले.

हे नुकतेच उसाला पाणी देऊन आलेले. बापू नुसतं "दादा, गाडी..." एवढंच म्हणाला आणि ह्यांच्या तोंडून सवयीनं निघून गेलं.
"डिझेल न्हाय रं."

बापूनं एकदा गाडीकडं बघितलं, एकदा ह्यांच्याकडं.
"बरं," म्हणाला आणि वळला.

मागून त्याची बायको ओरडत आली तेव्हा आम्हाला कळलं. बापूची आई चुलीपुढं कोसळली होती. एक अंग लुळं पडलं होतं.

काटा लाल असला तरी भिगवणच्या दवाखान्यापर्यंत गाडी आरामात जाते.
हे ह्यांना माहीत होतं. मला माहीत होतं.
बापूलाही माहीत होतं.

हे अनवाणीच गाडीत बसले, मी शेजारी. फाट्यावर गाठलं, तर बापू दुधाच्या टेम्पोत, कॅनच्या मधे, आईचं डोकं मांडीवर घेऊन बसलेला.

"बापू, काकीला हिकडं घे. आपल्या गाडीत."
"डिझेल हाय का?"
ह्यांनी काकीला उचलायला हात पुढं केले.
"ऱ्हाऊ द्या. तुमी जावा घरी."
ज्या भावाला जन्मभर अरे-तुरे केलं, त्याला बापू 'तुमी' म्हणाला. ह्यांचं तोंड एवढंसं झालं.

काकी वाचल्या. नंतर बरीच वर्षं काठी टेकत आमच्या अंगणात येऊन मला सुगरणपणा शिकवत होत्या.

पण ह्यांनी त्या संध्याकाळीच टाकी फुल केली. ती कायमची. काटा जरा हलला की हे पंपावर हजर. पंपवाला म्हणायचा, "अण्णा, जागा तरी हाय का आत?"

मग काय, भावकीची चंगळ! कुणीही गाडी न्यावी आणि रिकामी करून आणून लावावी. माझं डोकं फिरायचं.
"अहो, धर्मशाळा काढलीय का?"
"नेऊ दे गं. उद्या भरतो."

कुणासाठी भरत होते, ते मला कळत नव्हतं थोडंच? बापूनं एकदा मागावी, एवढंच हवं होतं त्यांना.

बापूनं बोलणं तोडलं नाही. आमच्या पोरीच्या लग्नात घरचा माणूस म्हणून राबला. पण गाडी? नाव नाही. स्वतःचे टोमॅटो न्यायला दुसऱ्या गावचा टेम्पो सांगायचा, आणि तो आमच्याच दारावरून जायचा. हे ओट्यावरून बघत बसायचे.

एकदा राहवलं नाही. म्हणाले, "बापू, टाकी फुल हाय रं."
"म्हाईत हाय," म्हणाला आणि गेला.
त्या दिवशी हे जेवले नाहीत. मला बापूचा भयंकर राग आला होता. आणि ह्यांचाही.

गेल्या वर्षी हे हार्टच्या दुखण्यानं बारामतीत ॲडमिट होते. मी सकाळी कपडे न्यायला घरी आले आणि पोराचा फोन आला.
संपलं होतं.

मी अंगणातच होते. बापू आला. टोपी हातात, डोळे लाल.
"वैनी, गाडीची चावी द्या."
"पोरगा म्हणतोय ॲम्ब्युलन्स मिळतीय."
"मिळू दे. माझ्या भावाला मी आपल्याच गाडीतनं आणणार."

मी चावी दिली. तो गाडीत बसला, चावी फिरवली, काटा पार वर गेला.
आणि बापू स्टिअरिंगवर डोकं ठेवून ओक्साबोक्शी रडला. अख्खी वाडी गोळा झाली, तरी त्याला कुणाला थांबवता येईना.

आता गाडी मी चालवते. होय, या वयात शिकले, आणि झकास चालवते. डाळिंब मार्केटला मीच घेऊन जाते.

बापू हक्कानं गाडी मागायला येतो. नेतो आणि रिकामी करून आणतो, मेला! दुसऱ्या कुणाला सोडलं नसतं मी. त्याला एका शब्दानं बोलत नाही.

अहो, त्या दिवशीच्या गोंधळात तुम्हाला सांगायचंच राहून गेलं. आज सगळ्यांसमोर सांगते.

बापूनं गाडी मागितली हो.

आता निवांत ऱ्हावा.