एक्सरेसाठी धरलेला उपास

माझी मुलगी परदेशात औषधाचे कण फोडते. हे मी कोणाजवळ बोललेले नाही. आदिलाबादच्या आमच्या गल्लीत कोणी विचारले, तर "शिकून राह्यली" एवढेच म्हणते आणि आणखी काही विचारायच्या आत घरात जाते.

दर रविवारी तिचा फोन येतो. ह्यांना जाऊन चार वर्षे झाली. आठवडाभरात मी जेवढे बोलत नाही, तेवढे मी त्या अर्ध्या तासात बोलायची. माझी शाळा चौथीपर्यंतच, तरी ती मला तिचे काम सांगायची. जंतू मारायच्या औषधाचा एकेक कण सुटा करतात. जिथे हवा नाही, पाणी नाही, अशा नळीत तो सोडतात. मग त्याच्यावर एक्सरेचेच, पण फार जोरदार किरण मारतात आणि त्याचे कसे तुकडे झाले ते पाहतात.

"तो कण एकटाच असते का तिथं?" मी एकदा विचारले.

"एकटाच, माय. त्याच्यासाठीच तर एवढी मोठी मशीन."

मला त्या कणाचे वाईट वाटले. तिला सांगितले नाही, हसली असती.

गेल्या हिवाळ्यात मला खोकला झाला, ताप आला. डॉक्टर तेलुगूत बोलले. कंपाउंडरने हिंदीत समजावले की छातीत जंतू आहेत, पाच दिवस गोळ्या खा, परवा एक्सरे काढा. मी मान हलवली. पण मनात आले, गोळी अंगात असताना किरण पडले तर तिचेही तुकडे होतील, आणि ते तुकडे जातील कुठे? विचारावेसे वाटले. मागे रांग होती, आणि माझे तेलुगू भाजी घेण्यापुरतेच.

रक्त तपासायचे असले की उपाशीपोटी जातात. मी तसाच औषधाचा उपास धरला. आदल्या दिवशी गोळी घेतली नाही, एक्सरेच्या दिवशी नाही, आणि अंगातले किरण निघून जावेत म्हणून त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. एक्सरेवाला म्हणाला, "सांस रोको, अम्मा." मी श्वास रोखला. आत औषध नाही याचे समाधान वाटत होते.

तिसऱ्या दिवशी मला उठवेना. शेजारच्या वहिनी ताक द्यायला आल्या म्हणून कळले. उशाची गोळ्यांची पट्टी पाहून त्या ओरडल्या, "काऊन नाही खाल्ल्या? जावयासाठी जपून ठेवल्या का?" त्यांनीच ऑटो बोलावला आणि मुलीला फोन केला.

दवाखान्यात सलाईन चालू असताना मी मुलीला फोनवर खरे कारण सांगितले.

"मी सांगितलं म्हणून तू गोळ्या सोडल्या, माय?"

"तुमच्या किरणानं तुटते ना ते."

"अवं, ते तिथं! दवाखान्यातला एक्सरे म्हणजे नुसती एक झलक. त्याच्यानं गोळीचं काही बिघडत नाही. अन् अंगात तो कण एकटा नसते. भोवताल पाणी असते, बाकीचं असते. मार बसलाच तर बरेचदा सगळ्यांत वाटल्या जाते. तिथं त्याला कोणी नाही, म्हणून तो तसा फुटते."

मग ती रडायला लागली.

मी बरी झाले. पण तिने कामाचे सांगणे बंद केले. जेवली का, गोळी घेतली का, थंडी आहे का, एवढे विचारते आणि पाच मिनिटांत फोन ठेवते. मी पुन्हा काही करून बसेन अशी तिला भीती. चूक माझी होती, तेव्हा तक्रार तरी कशी करू? कित्येक रविवार मी गप्प राहिले.

परवा ती फोन ठेवत होती, तेव्हा मी म्हटले, "तुझं काम कसं चाललं?"

"चाललं. तू ते सोड, माय."

"सोडत नाही. सांग. मी बिमार पडली तर आधी तुलाच विचारीन, मग काय करायचं ते करीन."

इतके धीटपणे मी तिच्याशी कधी बोलले नव्हते. ती हळूहळू सांगू लागली. एका जागी तर मला विसरूनच बोलत राहिली. निम्मे मला समजले नाही. मी नुसती हं, हं करत राहिले, आवाज थांबू नये म्हणून.

फोन ठेवताना गोळ्यांचे विचारायचे ती विसरली. फोनच्या आधी शिजवलेला भात पार निवला होता. मी ताट वाढून घेतले.