मामींचं मडकं आणि गाडीतला फ्रिज

माझ्यावर सर्वांत मोठे उपकार आहेत ते माझ्या मामींचे. आठवीपासून पदवी हातात पडेपर्यंत मी रावेरला त्यांच्याच घरी राहिलो. माझ्या घरातलं त्याआधी कुणी कॉलेजात गेलं नव्हतं. मामा केळीचा ट्रक घेऊन दिल्लीच्या वाटेवर असायचे. घर, गोठा आणि माझा अभ्यास, तिन्ही मामींकडे. त्या स्वतः चौथी शिकलेल्या. पण माझी वही उघडी दिसली की दळणालाही मला उठवत नसत. डबा घेऊन आपणच जात.

मामींना तरुणपणापासून इन्सुलिन लागतं. घरी फ्रिज होता, पण वीज कधी जाईल याचा नेम नसे. म्हणून त्यांनी ओल्या गोणपाटात गुंडाळलेलं एक मडकं ठेवलं होतं, आणि त्यात डब्यात घालून औषधाच्या बाटल्या. गोणपाट वाळायच्या आत पुन्हा भिजवायचं. त्यापायी मामी कुठे मुक्कामाला राहिल्या नाहीत. माहेरच्या लग्नातूनही अक्षता टाकून परत. कुणी आग्रह केला तर म्हणायच्या, "मडकं कोण भिजवीन?"

ट्रक सोडल्यावर मामांनी एक जुनी स्कूलव्हॅन घेतली. सुताराकडून आत पलंग आणि ओटा करून घेतला. मी नरडाण्याला कारखान्यात विजेच्या कामावर आहे, म्हणून मला बोलावणं आलं. "बापू, मी अर्धा देश पाह्यला. तुह्या मामीनं भुसावळ पाह्यलं. आता हिच्या औषधासाठी गाडीत फ्रिज तू बसव."

बॅटरीवर चालणारा छोटा फ्रिज आणला. तो गाडीच्याच बॅटरीवर टाकला असता तर कुठल्यातरी घाटात गाडी सुरू झाली नसती. म्हणून सीटखाली दुसरी बॅटरी बसवली. गाडी चालताना ती चार्ज व्हावी, गाडी थांबली की दोन्ही बॅटऱ्या वेगळ्या व्हाव्यात, असा रिले लावला. बॅटरीजवळ फ्यूज दिला.

पहिली चाचणी म्हणून ते दोघं ऐन उन्हात रावेरहून धुळ्याला, माझ्या देवपूरच्या घरी आले. फ्रिजमध्ये नुसत्या पाण्याच्या बाटल्या होत्या. औषधाचं मडकं मामींच्या मांडीवर. मी फ्रिज उघडला. पाणी कोमट.

मामींनी मडक्यात हात घालून पाहिला. "हे पाह्य. तुह्या फ्रिजापेक्षा माहं मडकं शहाणं."

"मंग मडक्यालेच वायर जोड रे बापू!" मामा म्हणाले.

आम्ही हसलो. मग चहा पिताना मामी हळूच म्हणाल्या, "नसीन जमत तर राहू दे भाऊ. मले कुठं सवय हाये फिरायची?" ते वाक्य मला सहन होईना.

मीटर लावला. बॅटरीपाशी विजेचा दाब पूर्ण होता, पण कॉम्प्रेसर सुरू झाला की फ्रिजपाशी तो पडायचा. दिव्याला चालेल अशी बारीक वायर मी तेवढ्या लांबीला वापरली होती. लांबच्या विहिरीला बारीक केबल टाकली की मोटार नुसती घुमते, तसंच. जाड वायर जवळच्या वाटेनं पुन्हा ओढली.

रावेरला पोचताच मामांचा आनंदानं फोन आला. "बापू, बर्फ झाला बर्फ!" त्यांनी फ्रिजचं गारवा वाढवायचं बटण शेवटपर्यंत फिरवलं होतं. मी घाबरलोच. गोठलेलं इन्सुलिन वाया जातं, आणि वितळल्यावर ते पाहून कळेलच असं नाही, हे मी त्यांना सांगितलं.

मामा म्हणाले, "म्हंजे आपल्या केळीसारखं. लय गारठ्यात गेली का खोक्यात हिरवीगार दिसते, पिकवाले टाकली का काळी पडते."

मी थर्मामीटर नेऊन दिला. योग्य जागी बटण आणून मामींनी शेजारी कुंकवाचा ठिपका लावला. "याच्या पुढं कोणी हात लावायचा नाही."

"गाडी माही ना?"

"गाडी तुमची. फ्रिज माहा."

मग मामींनी गाडी शेताच्या कडेला उन्हात उभी करायला लावली आणि काही दिवस आपली शिवणटिपण घेऊन तिच्यातच बसल्या. बॅटरी भरायला मामा रोज गाडीची एक फेरी मारून आणत. थर्मामीटर मामी स्वतः वाचत होत्या. माझ्यावर अविश्वास नव्हता. आपल्या जिवाचा भार त्यांनी कधीच दुसऱ्यावर टाकला नाही. फिरायला निघायच्या सकाळी मी रावेरला गेलो. मामी मडकं घेऊनच गाडीत चढल्या, दारात थांबल्या आणि ते माझ्या हातात दिलं. "ठेव तुह्याकडं."

इंदूरला मामांच्या एका जुन्या ट्रकवाल्या मित्राकडे त्यांचा मुक्काम होणार होता. त्या पत्त्यावर मी हे पत्र पाठवलं:

तीर्थस्वरूप मामी,

समोर उभं राहून हे बोलता येत नाही म्हणून लिहितो. तुम्ही मला कधी दळणाला उठवलं नाही. त्या वेळात जे शिकलो, त्यातलंच थोडं तुमच्या सीटखाली आहे. मामा फोनवर सांगत होते, फ्रिजचा आवाज थांबला की तुम्ही झोपेतून उठून बघता. घाबरू नका. पुरेसा गारवा झाला की तो थांबतो, पुन्हा आपोआप सुरू होतो. थर्मामीटर सकाळी पाहिला तरी चालेल.

मडकं माझ्या घरी आहे. गोणपाट सोडवून वाळवलं आणि घडी करून ठेवलं. ते आता कुणी भिजवायचं नाही.

इंदूरहून परत फिरू नका. पुढे जा.

तुमचा भाचा