लाल कॅनवरची उगवती

...मी राखेनं कढई घासत होते आणि हे अंगणात बसून माझ्या तेलाची मोठी कॅन रिकामी करत होते. कॅनमध्ये तेल अजून अर्धं होतं. न विचारता यांनी ते घरातल्या दोन पितळी गंजांमध्ये ओतलं, कॅन साबणानं धुतली, पुसली आणि तिला लाल रंग द्यायला घेतला.

"अजी, तेल होतं नं त्यात!" मी ओरडले.

"आता रंग हाय," हे म्हणाले.

रंग वाळल्यावर त्यावर पांढऱ्या ठळक अक्षरांत यांनी लिहिलं: उगवती.

"कॅनले बाईचं नाव देऊन राहिले का?"

"हाव. तुह्यापेक्षा जास्त ऐकते ते."

मी कढई विसळली आणि विषय सोडून दिला. सकाळ इतकीच होती. हे जाऊन आता तिसरं वर्ष लागलं आहे. मोठे सणवार आठवत नाहीत, ही सकाळ आठवते.

यांचं गाव धरणाच्या फुगवट्यात गेलं. घरासमोरची चिंच कापली, पण तिचा खुंट पाण्यात राहिला. हिवाळा सरताना पाणी उतरतं, तेव्हा तो पृष्ठभागाच्या हातभर खाली येतो. वरून दिसत नाही, लाकडी डोंग्याच्या तळाला मात्र बरोबर सापडतो. म्हणून हे दरवर्षी तिथे लाल कॅन बांधायचे. मी कधी सोबत गेले नव्हते. गेल्या आठवड्यात डोंगा चालवणाऱ्या सुखदेवभाऊंचा फोन आला.

"वैनी, भाऊनं बांधलेली शेवटची कॅन वाहून गेली. काल डोंगा खुंटाले लागला, बाया पडता पडता वाचल्या. परवा लग्नाचे पाव्हणे पलीकडं न्याचे हायत मले."

"मी आणते," म्हटलं.

मला वाचायचा नाद आहे. शाळा सातवीत सुटली, वाचन सुटलं नाही. वाचनालयातून जहाजांवरचं एक पुस्तक आणलेलं होतं. त्यात समुद्रातल्या तरंगत्या खुणांवर, म्हणजे बोयांवर, एक प्रकरण होतं. बंदरात शिरताना लाल बोया डाव्या हाताला ठेवायचा, असं त्यात होतं. मी नवी कॅन लाल रंगवली आणि सुवाच्य अक्षरांत लिहिलं: डाव्या हाताला ठेवा. मनात म्हटलं, यांनी नुसतं नाव लिहिलं, मी निदान उपयोगाचं लिहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी भंडाऱ्याजवळच्या शहापूरहून निघाले. भंडाऱ्याच्या बसस्थानकाबाहेर तर्री पोहे खाल्ले. तर्री वेगळी मागा, नाहीतर दिवसभर पाणी पीत बसाल. तिथून कारध्याचा पूल ओलांडला की नदीकाठानं खाली जाणाऱ्या काळीपिवळ्या जीपा मिळतात. चाळीस रुपये घेतात आणि चौघांच्या जागेत सात बसवतात. माझ्या मांडीवर कॅन, पायाशी पिशवीत जात्याची फुटकी पाळू. शेजारच्या बाईनं विचारलं, "मावशी, दळाले चालल्या का?"

"नाही, नांगर टाकाले," मी म्हटलं. ती सरकून बसली.

काठावर एक डोंगा पालथा घालून त्याच्या फटींत गरम डांबर भरणं चाललं होतं. सुखदेवभाऊ तिथेच होते. मी जय भीम म्हटलं, त्यांनी राम राम म्हटलं आणि कॅन हातात घेऊन वाचली. मग हसू दाबत म्हणाले, "वैनी, जाताना डावा हात इकडं, येताना तिकडं. आमच्यातलं बंदर कोणतं, सासर का माहेर?"

डांबर भरणारा खो खो हसला. माझे कान तापले.

"भाऊ काय लिहे?" सुखदेवभाऊंनी विचारलं.

"उगवती," मी म्हटलं आणि म्हणता म्हणताच कळलं.

"मंग? खुंटाच्या उगवतीकडून जा. तिकडं जुना बंडीचा रस्ता हाय, खाली साफ. मावळतीकडं घरायच्या पडक्या भिती. जा का ये, सूर्य काही जागा बदलवत नाही."

पुस्तकात पुढे तेही होतं: दिशेचे बोये, पूर्वेच्या बोयाच्या पूर्वेनंच जायचं. काळ्यापिवळ्या पट्ट्यांचा घोळ वाटला म्हणून ती पानं मी उलटून टाकली होती.

काडी डांबरात बुडवली, माझं वाक्य खोडून टाकलं आणि त्याच्या वर लिहिलं: उगवती. अक्षर वाकडं आलं. यांचंही वाकडंच असायचं.

पाण्यावर जाणाऱ्यांनी लाइफ जॅकेट मागावंच, मीही घातलं. सुखदेवभाऊंनी डोंगा वल्हवत पलीकडची पाण्याची टाकी आणि मागची टेकडी एका रेषेत आणली आणि बांबू पाण्यात खाली सोडला. ठक्क. आवाज घरच्या दारावर थाप पडावी तसा आला. मी खाली पाहिलं. पाणी गढूळ, काही दिसलं नाही. याच चिंचेच्या सावलीत मी नवरी म्हणून बैलबंडीतून उतरले होते. कॅनच्या दोराला बांधलेली पाळू सोडली. दोर दोन हात जास्त ठेवला, पाणी चढलं तर कॅन बुडू नये म्हणून. कॅन जरा डुलली आणि स्थिर झाली. आम्ही तिच्या उगवतीकडून वळसा घेतला. खाली काही लागलं नाही.

परतताना सुखदेवभाऊ म्हणाले, "पाण्याखाली शाळेची भित अजून तशीच हाय, खूण नाही. भाऊ म्हणत, पुढच्या साली दुसरी कॅन आणीन."

त्यांच्या घरी झिंग्याचा रस्सा आणि भात जेवले. पाच वाजता काळीपिवळी मिळाली. लग्नाच्या दिवशी संध्याकाळी त्यांचा फोन आला, पाव्हणे दोन्ही खेपांना सुखरूप उतरले. नवरीच्या मामानं तेवढी चप्पल पाण्यात घालवली.

काहीतरी राहून गेलं, असं वाटत राहिलं. इतकी वर्षं मी त्या शब्दाला नाव समजले होते. यांनी एकदाही समजावलं नाही, आणि मी एकदाही विचारलं नाही. दोघांनाही वाटलं असेल, वेळ आहे.

त्या फोनच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी कढई घासली, अंगण झाडलं. मग तेलाची कॅन बाहेर आणून त्यातलं तेल दोन गंजांमध्ये ओतलं आणि या दुसऱ्या कॅनला लाल रंग दिला. तेल अजून अर्धं होतं.