दोन विंडोंतला पाळणा

तेलगावच्या फाट्यावर आमचं दुकान होतं. आधी नुसता एसटीडी बूथ, मग झेरॉक्स, आणि सगळीकडं कॉम्प्युटरची हवा सुटली तसा आमच्या मालकांनीही, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, एक आणला, लग्नपत्रिका करायला. मी चौथी शिकलेली, पण पत्रिका जुळवता जुळवता माझा कीबोर्डवर हात बसला. हातानं लिहायचं म्हटलं की कोंबडीनं उकरल्यासारखं अक्षर, टाईप मात्र झरझर. म्हणून तर आईचे पाळणे मी कागदावर घेतलेच नाहीत.

आई नांदूरघाटची. कुठं बारसं असलं की तिला बोलावणं यायचं, कारण त्या त्या बाळाचा पाळणा ती स्वतः रचायची. लिहिता-वाचता येत नव्हतं, सगळं डोक्यात. मग तिच्या घशात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, आधी आवाज जाईल. मी तिला आमच्याकडं आणलं. टेपवर घेऊ म्हटलं तर तिनं हातच झटकला.

"असला फाटका आवाज काहून ठिवतीस माय? शबुद ठिव."

दुपारी गिऱ्हाईक कमी झालं की ती माझ्याशेजारी स्टुलावर बसायची. ती घोगऱ्या आवाजात एकेक ओळ सांगायची, मी टाईप करायची. पडद्यावर ओळी वाढल्या की तिला पेरलेलं रान दिसायचं.

"भरलं का गं रान?" असंच विचारायची.

अशात बीडहून कॉम्प्युटरवाला आला आणि प्रोग्रामची नवी सीडी घालून गेला. जुन्यात कितीदाही क्लिक करा, उघडी असलेली विंडोच पुढं यायची. नव्यात दर क्लिकला प्रोग्राम नव्यानं उघडायचा आणि शेवटची फाईल आपोआप समोर आणायचा. "काकू, आता पाहिजे तितक्या विंडो उघडा," तो कौतुकानं म्हणाला. आम्हालाही वाटलं, वा! एकच फाईल दोन ठिकाणी उघडी राहील, हे आमच्या काय ध्यानात येतंय.

आता मालकांचं सांगते. घराणं पिढीजात दुकानदारांचं. दुकान 'बंद करा' म्हणायचं नाही, 'वाढवा' म्हणायचं. आणि दिवेलागणीला दुकानात 'नाही' शब्द काढायचा नाही, दारातली लक्ष्मी माघारी फिरते. हाच नेम त्यांनी कॉम्प्युटरलाही लावला. संध्याकाळी विभूती लावून, उदबत्ती ओवाळून ते एकेक विंडो मिटायचे, आणि मशीननं 'सेव्ह करू का?' विचारलं की 'यस' दाबायचे. 'नो'ला त्यांनी कधी बोट लावलं नाही.

आई हसायची. "जावईबापू, यंत्राला लई मान देता. आमच्या लेकीला बी दिवसातनं एकदा व्हय म्हणा की!"

"मामी, तिला न्हाई म्हणायची माझी टाप हाय का?"

त्या दिवशी आईनं माझ्या बारशाचा पाळणा सांगितला. तो तिनं शेवटाला ठेवला होता. आवाज इतका गेलेला की मी कान तिच्या तोंडाशी नेला. ती ओळ म्हणायची, पाणी घ्यायची, पुन्हा म्हणायची. माझा सगळा जीव शब्द पकडण्यात. पाळणा काय म्हणतोय, ते मागाहून निवांत वाचू म्हटलं. मधून मधून सेव्हही करत होते.

त्याच दिवशी सकाळी मालकांनी प्रोग्राम उघडला होता. त्यात पाळण्यांची कालपर्यंतची फाईल आपोआप आली. तेवढ्यात फोनला गिऱ्हाईक आलं, ती विंडो तशीच खाली सारून ते उठले. दुपारी मी क्लिक केलं, ती दुसरी उघडली. दिवेलागणीला त्यांनी माझी मिटली, यस. तिच्या मागनं सकाळची निघाली. बदल असो नसो, मशीन विचारणारच. यस. माझ्या पाळण्यावर कालची फाईल जाऊन बसली.

दुसऱ्या दिवशी बघते तर पाळणा नाही. कॉम्प्युटरवाल्याला फोन लावला. "काकू, वरून लिहिलं गेलं की गेलं." मालकांचं तोंड एवढंसं झालं. "मी तर यसच म्हणलो ना गं?"

आई येऊन स्टुलावर बसली. आवाज रातोरात पुरता गेला होता. तिनं पडद्याकडं हात केला. काल रान कुठवर आलं होतं, तिला ठाऊक होतं. तिनं माझ्याकडं बघितलं, आणि काही न विचारता पुन्हा म्हणायला लागली. ओठ हलत होते, हवेत हात झुलत होता, तोंडातून नुसता वारा. मी कीबोर्डवर बोटं ठेवून तिचे ओठ बघत बसले. मालक दारात पाठमोरे उभे. आठवल्या तेवढ्या दोन ओळी मी टाईप केल्या:

बाभळीला बांधला माझ्या लेकीचा पाळणा
वारं म्हणे मी झुलवीन, तू जाय कापूस येचाया

ती थांबेपर्यंत मी उठले नाही.

पुढं पौषात ती गेली. आमच्यात बसवून पुरतात. तशी, सगळ्या शब्दांसकट, तिला मातीत बसवली. नांदूरघाटला घरोघर तो पाळणा विचारून आले. माझ्या बारशाला आलेल्या बायांतली एकही उरलेली नव्हती.

वारं पुढं काय म्हणालं, ते मला अजून माहीत नाही.