दगड मी शिकवले, नाव मोठ्या आईचं

आज जाऊबाईंवर जळून लिहून राहिले.

लेकीला शाळेच्या प्रकल्पासाठी अग्निजन्य खडक ओळखायचे होते. मी बी.एस्सी. झालेली. अंगणातले दगड मांडून लाव्हा, बेसाल्ट, वायूचे बुडबुडे, सगळं समजावलं. पोरगी जांभया देऊन राहिली.

तेवढ्यात सातवी शिकलेल्या जाऊबाई आल्या. लेक त्यांना मोठी आई म्हणते. त्यांनी दोन दगड उचलले. "ह्या गुळगुळीतचा पाटा होतो. ह्या भोकाच्याचा न्हाई होत, भोकात मिरची अडकून बसती."

पोरगी पळत जाऊन घरातला पाटा भिंगातून बघू लागली!

मग प्रकल्पाच्या वहीत तिनं लिहिलं, 'शिकवणारी: मोठी आई.'

अहो, ती भोकं बुडबुड्यांची, हे मीच सांगितलं होतं न्हाई का?

पोरगी खेळायला गेल्यावर मी पेन्सिलनं पुढं 'आणि मम्मी' जोडलं. तुमी काय केलं असतं?